शिकारीचा खर्च कोणी भरला?

डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात वन विभागाच्या कॅमेऱ्यात पट्टेदार वाघ आला. वाघाच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांइतके वेगळे असतात. ते जुन्या नोंदींशी जुळवले, तेव्हा कळले की हा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला तरुण नर आहे. स्वतःचे राज्य शोधत तो सुमारे साडेचारशे किलोमीटर चालून आला होता. टिपेश्वर ते येडशी या वाटेवर सलग जंगल जवळपास नाहीच. आहेत ती पिकांची रानं, ओढे-नाले, गावं आणि वाहता रस्ता.

येडशीचे अभयारण्य तरी केवढे? जेमतेम बावीस चौरस किलोमीटर. धाराशिवहून सोलापूर-धुळे महामार्गाने उत्तरेला निघाले की बालाघाटाच्या डोंगरात ते लागते. घळीत रामलिंगाचे देऊळ आहे, पावसाळ्यात त्याच्या अंगणालगत धबधबा कोसळतो. सीतेला पळवून नेणाऱ्या रावणाला जटायूने इथेच अडवले, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत धाराशिव मोडतो. अशा जिल्ह्यात वाघ आला आणि लोकांनी त्याला नाव दिले रामलिंग.

वन विभागाने त्याला बेशुद्ध करून पकडायचे आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडायचे ठरवले. चंद्रपूरहून या कामातले तरबेज पथक आले. कॅमेरे लागले, पिंजरे लागले, रात्री जागवल्या गेल्या. वाघ कधी धाराशिवच्या हद्दीत, तर कधी शेजारच्या बार्शी तालुक्यात. दोन महिन्यांहून अधिक काळ खटपट करूनही तो हाती लागला नाही. त्या काळात जनावरे मारली गेली, पंचनामे झाले, शिवारात रात्री पाणी द्यायला जाणे बंद पडले.

साठ वर्षांपूर्वी असा वाघ दिसला असता तर निर्णय सोपा होता. एखाद्या साहेबाला निरोप गेला असता, मचाण बांधले गेले असते आणि फोटोत वाघाच्या अंगावर पाय ठेवून कोणीतरी उभा राहिला असता. आजही जगात हजारो माणसे मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी लाखो रुपये मोजून दूरदेशी जातात. तो पैसा सार्थकी लागतो का, हा प्रश्न तिकडे फार हिरिरीने विचारला जातो. आमच्या जिल्ह्यातून त्याकडे पाहिले की वेगळाच प्रश्न पुढे येतो. शिकाऱ्याने मोजलेले पैसे हा शिकारीच्या खर्चाचा लहानसा भाग आहे. उरलेला कोणी भरला?

हाक्याला गेलेली माणसे

आजचा धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचा वाघाच्या शिकारीचा षौक प्रसिद्ध होता. संस्थानिक आणि त्यांचे इंग्रज पाहुणे यांच्या दृष्टीने शिकार म्हणजे दरबाराचाच एक भाग. तिच्यातून मैत्री पक्की व्हायची, बढत्या ठरायच्या, मानमरातब दाखवला जायचा.

पण मोठी शिकार एका बंदुकीवर होत नाही. आधी माग काढणारे लागतात. मग झाडाला रेडकू बांधायचे. ते वाघाने मारले की त्या रानाला वेढा द्यायचा. दुसऱ्या दिवशी शे-दोनशे माणसे ढोल, डबे, काठ्या घेऊन ओळीने रान उठवत पुढे सरकतात. वाघाला मचाणाकडे रेटणे हेच त्यांचे काम. हाक्याला आलेली ही माणसे आसपासच्या गावांतली असत आणि बहुतेकदा वेठीने धरून आणलेली. जखमी वाघ मागे फिरला तर तो पहिल्यांदा त्यांच्याच अंगावर येई. शिकाऱ्याच्या वहीत वाघाची लांबी इंचापर्यंत नोंदलेली सापडते. हाकेवाल्याचे नाव तिथे सापडत नाही.

दख्खनच्या माळावर शिकारीचा आणखी एक थाट होता तो चित्त्याचा. पाळलेल्या चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घालून त्याला गाडीवरून माळावर न्यायचे, काळविटांचा कळप दिसला की टोपी काढून सोडायचे. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज आणि पुढे राजाराम महाराज यांच्या पदरी असे चित्ते आणि त्यांना तयार करणारी कसबी माणसे होती. चित्ता पिंजऱ्यात सहसा वीत नाही, त्यामुळे प्रत्येक नवा चित्ता रानातूनच धरून आणावा लागे. शेकडो वर्षे हे चालले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीय चित्ता इतका दुर्मीळ झाला की कोल्हापूर आणि भावनगरच्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले.

१९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानचे राजे रामानुज प्रताप सिंह देव यांनी रात्री गाडीच्या दिव्यांच्या उजेडात तीन चित्ते टिपले. देशातल्या चित्त्यांची ही शेवटची ठाम नोंद मानली जाते. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले.

त्या रात्रीच्या काडतुसांची किंमत काही रुपये असेल. पंचाहत्तर वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, नामिबियातून आठ चित्ते विमानाने आणून मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडण्यात आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. एकट्या इंडियन ऑइल या सरकारी कंपनीने या प्रकल्पासाठी पन्नास कोटींहून अधिक रुपये द्यायचे कबूल केले. आलेल्यांपैकी कित्येक चित्ते दगावले. शिकाऱ्याच्या खिशातून गेलेले काही रुपये आणि जनतेच्या खिशातून गेलेले कित्येक कोटी अशी ही दोन टोके आहेत. शिवाय नामिबियाचा चित्ता हा आपला आशियाई चित्ता नव्हे. गेलेला गेलाच.

नागपूरहून निघणाऱ्या सहली

संस्थाने गेली, पण शिकार थांबली नाही. उलट तिचा धंदा झाला. १९५० च्या दशकात परदेशी पाहुण्यांना मध्य भारतातल्या जंगलात वाघाच्या शिकारीला नेणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी नागपुरात शिक्षण संपवल्यावर ॲल्विन कूपर ही अशीच कंपनी सुरू केली होती. जंगलाचे ब्लॉक पाडून वन विभाग परवाने देई, कंपनी तंबू, आचारी, जीप, मागकरी पुरवी आणि पाहुणा कातडे घेऊन विमानात बसे.

त्या वेळी या धंद्याच्या बाजूने मांडला गेलेला मुद्दा आजही ऐकू येतो. देशाला परकीय चलन मिळते, जंगलाला उत्पन्न मिळते, मग काही वाघ गेले तर काय बिघडले? बिघडले ते मोजायला कोणी नव्हते. १९६९ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाची महासभा भरली आणि वाघाची स्थिती जगासमोर आली. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ च्या गणतीत देशात अवघे १,८२७ वाघ निघाले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपले मेळघाट होते.

पन्नास वर्षांनंतर, २०२२ च्या गणनेत, देशात सरासरी ३,६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला. ठसे मोजण्याची जुनी पद्धत आणि आजची कॅमेऱ्याची पद्धत यांत फरक आहे, म्हणून दोन आकड्यांची काटेकोर तुलना करता येत नाही. तरी दिशा स्पष्ट आहे. टिपेश्वरात वाघाची पिल्ले वाढून नवी जागा शोधायला बाहेर पडतात, हे त्या बंदीचेच फळ आहे. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला ‘वॉकर’ नावाने ओळखला गेलेला वाघ तेराशे किलोमीटर हिंडून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. मार्च २०२१ मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ गौताळा अभयारण्यात दिसला. रामलिंग हा त्याच वाटेवरचा पुढचा.

ज्यांचे कसब गुन्हा ठरले

बंदी आली ती योग्यच. पण तिची किंमत ज्यांनी भरली, त्यांची आठवण आपल्या जिल्ह्याने तरी ठेवली पाहिजे.

पारधी समाजाकडे रान वाचण्याचे ज्ञान होते. घोड्याच्या केसांचे आणि तातीचे फासे, तितराची हुबेहूब साद, मातीवरच्या खुरावरून हरणाचे वय ओळखणे, अशा विद्या बापाकडून मुलाकडे येत. राजे-रजवाड्यांना चित्ता धरून हवा असे तेव्हा हीच माणसे लागत, साहेबाला माग हवा तेव्हाही हीच. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा समाजांना जन्मानेच चोर ठरवण्याची वाट उघडली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा शिक्का कायद्यातून पुसला गेला, लोकांच्या मनातून गेला नाही. मग १९७२ चा कायदा आला आणि पोट भरायचे उरलेले साधनही गुन्हा झाले. शिकारीच्या कंपन्यांचे मालक दुसऱ्या धंद्यात गेले. परवान्याच्या बंदुका भिंतीवर टांगल्या गेल्या. पारध्याला जायला दुसरा धंदा नव्हता, कसायला जमीन नव्हती.

तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीला १९९३ मध्ये भटके विमुक्त विकास प्रतिष्ठानने पारधी आणि इतर भटक्या समाजांच्या मुलांसाठी शाळा व वसतिगृह सुरू केले. या कामामागे असलेले गिरीश प्रभुणे यांना पुढे पद्मश्री मिळाली. शाळा हा एक रस्ता झाला. पण या समाजाच्या अंगी असलेले रानाचे ज्ञान वापरायचा रस्ता आपण अजून नीट काढलेला नाही. ज्या जिल्ह्यात साठ-सत्तर दिवस वाघाचा माग काढणे जड जाते, त्याच जिल्ह्यात मागकऱ्यांची परंपरा असलेली वस्ती हाकेच्या अंतरावर असावी, याचा विचार व्हायला हवा.

आफ्रिकेचा दाखला

शिकारीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे ऐकून न घेता निकाल देणे बरोबर नाही. त्यांचा सर्वांत बळकट दाखला आफ्रिकेचा आहे.

जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस सफारी क्लबने नामिबियातला एक काळा गेंडा मारण्याचा परवाना साडेतीन लाख डॉलरला लिलावात विकला. त्या वेळच्या भावाने ते दोन कोटींहून अधिक रुपये होतात. प्रजननाचे वय उलटलेला, इतर गेंड्यांना इजा करणारा नर निवडायचा आणि आलेला पैसा गेंडे राखण्यासाठी वापरायचा, अशी योजना होती. नामिबियाने १९९६ मध्ये कायदा करून गावसमूहांना आपापल्या भागातल्या वन्यप्राण्यांवर हक्क दिले. आज तिथे ऐंशीहून अधिक अशी ग्रामसंरक्षित क्षेत्रे आहेत. पाकिस्तानच्या डोंगराळ भागात मारखोर या रानबोकडाचे मोजके परवाने दरवर्षी लाखो रुपयांना जातात आणि त्यातला ऐंशी टक्के वाटा स्थानिक गावांना मिळतो. तिथे मारखोरांची संख्या वाढली. गावालाच पैसा मिळतो म्हटल्यावर चोरट्या शिकाऱ्याला गावच अडवते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जुलै २०१५ मध्ये झिंबाब्वेच्या ह्वांगे उद्यानाबाहेर सेसिल नावाचा सिंह एका अमेरिकन दंतवैद्याने मारला. गळ्यात ऑक्सफर्डच्या संशोधकांचा पट्टा असलेल्या या सिंहासाठी त्याने सुमारे पन्नास हजार डॉलर मोजल्याचे तेव्हा छापून आले. त्यातले आसपासच्या गावात किती पोहोचले? २००७ मधल्या एका बहुचर्चित अभ्यासाने आफ्रिकेतल्या शिकार-पर्यटनाची उलाढाल वर्षाला वीस कोटी डॉलर असल्याचे मांडले. २०१३ मध्ये अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने त्याच आकड्यांची छाननी केली आणि शिकार कंपन्यांच्या उत्पन्नातला सुमारे तीन टक्केच भाग स्थानिक लोकांपर्यंत जातो, याकडे बोट दाखवले. केनियाने १९७७ मध्येच शिकार बंद केली. बोट्स्वानाने २०१४ मध्ये बंद करून २०१९ मध्ये पुन्हा उघडली, कारण हत्तींच्या कळपांनी त्रासलेल्या शेतकऱ्यांना बंदीचा फायदा दिसत नव्हता.

या सगळ्यातून एक गोष्ट हाती लागते. शिकारीने कुठे जनावरे वाचली असतील, तर ती बंदुकीने वाचवली नाहीत. गावाला मिळालेल्या हक्काने आणि पैशाने वाचवली. तो हक्क आणि तो पैसा शिकारीशिवाय देता येत असेल, तर मारायचे कशाला?

आपल्याकडची बंदूक

आपल्याकडे आज शिकारीची सहल कायद्याने अशक्य आहे. पण बंदुकीचा प्रश्न संपलेला नाही, कारण शेतकऱ्याचा जीव मेटाकुटीला आला आहे. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा आणि ज्वारी. पेरणीपासून काढणीपर्यंत रानडुकरे, हरणे, रोही आणि वानरे यांच्यापासून पीक राखावे लागते. ऐन थंडीत माळ्यावर जागून, बॅटरी मारून, फटाके वाजवून माणसे थकतात. झटका मशीनचा खर्च कर्जाच्या रकमेत भर घालतो. शहरात बसून वन्यप्राण्यांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने एकदा उसाच्या फडातून डुकरांचा कळप गेल्यानंतरची जमीन पाहावी.

राज्य सरकारने २०१५ मध्ये पिकांचे नुकसान करणारी रानडुकरे आणि रोही वन अधिकाऱ्यांच्या परवानगीने मारण्याची वाट दिली. पण परवाना मिळाला तरी मारणार कोण? अल्पभूधारकाकडे परवान्याची बंदूक नसते. मग बाहेरचा नेमबाज येतो. जून २०१६ मध्ये बिहारच्या मोकामा भागात हैदराबादहून आलेल्या नेमबाजांनी काही दिवसांत दोन-अडीचशे रोही मारले. त्यावरून केंद्रातले दोन मंत्री, मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर, उघड भांडले. त्या भागातला रोह्यांचा प्रश्न त्याने कायमचा मिटला नाही. कुरण, पाणी आणि झाडोरा तसाच राहिला तर जागा पुन्हा भरते.

आणि वाघाची शिकार? तिचा महाराष्ट्रातला ताजा अनुभव रामलिंगाच्याच मुलखातला आहे. यवतमाळच्या पांढरकवडा परिसरात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली टी-१ वाघीण, लोकांच्या तोंडी अवनी, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घालून मारली गेली. तिच्यामागे दीड-दोनशे माणसे, ड्रोन, पॅराग्लायडर, परदेशी जातीचे कुत्रे, हत्ती, अगदी अत्तरसुद्धा वापरून झाले. मोहिमेसाठी आणलेला एक हत्ती सुटला आणि त्याच्या हल्ल्यात एका बाईचा जीव गेला. वाघिणीचे दोन बछडे मागे राहिले. ती मारली जाणे अटळ होते की नाही, यावर मतभेद राहतील. जवळची माणसे गमावलेल्या घरांचे दुःख कोणी हलके लेखू नये. पण जंगलाच्या काठची गावे आधीपासून सावध, सोबतीने राहणारी आणि भरपाईची खात्री असलेली असती, तर प्रश्न बंदुकीपर्यंत जायची वेळ कमी आली असती.

माझा निकाल

मोठ्या शिकारीची सहल तिच्या किमतीला उतरत नाही, असे माझे ठाम मत आहे. ज्याने पैसे मोजले त्याला एक कातडे, एक फोटो आणि सांगायला एक गोष्ट मिळाली. हाकेवाल्याला चार आण्यांची मजुरी, पारध्याला गुन्हेगाराचा शिक्का, माळाला चित्त्याची कायमची उणीव आणि पुढच्या पिढ्यांना कोट्यवधींचे बिल मिळाले. खर्च एकाचा आणि भुर्दंड दुसऱ्याचा, असा व्यवहार कोणत्याही गावच्या चावडीवर मान्य झाला नसता.

मात्र शिकार बंद केली म्हणून आपला हिशेब चुकता झाला, असेही नाही. आज जिवंत वाघाचा आनंद पर्यटक घेतो, त्याचा अभिमान राज्य मिरवते आणि वासरू मात्र बार्शी-येडशीच्या शेतकऱ्याचे जाते. वाघाने माणूस मारला तर राज्य आज पंचवीस लाख रुपये देते. ही तरतूद चांगली आहे. पण वासराचा आणि पिकाचा पंचनामा आठवडाभर रखडला तर शेतकऱ्याच्या मनात वाघाविषयी राग बसतो, आणि विषारी आमिषाला सुरुवात त्या रागातूनच होते.

म्हणून तीन गोष्टी मागतो. येडशी परिसरात वाघ राहो वा सह्याद्रीत जावो, जनावर आणि पीक गेल्याचा पंचनामा दोन दिवसांत व्हावा आणि पैसे पंधरवड्यात खात्यात पडावेत. वनरक्षकांच्या मदतीला लागणारे मागकरी पारधी तरुणांतून, नीट पगारावर आणि सन्मानाने नेमावेत. आणि रामलिंगाच्या दर्शनाला, धबधब्याला, जंगलाला येणाऱ्या पाहुण्यांकडून जे शुल्क घेतले जाईल, त्याचा ठरलेला वाटा अभयारण्यालगतच्या ग्रामपंचायतींना जाहीरपणे मिळावा.

वाचकांनाही एक विनंती. येडशीला जाल तेव्हा वाघ दिसलाच पाहिजे असा हट्ट धरू नका, प्लास्टिक टाकू नका, रात्री गाड्यांचे दिवे रानात फिरवू नका. जवळच्या गावात जेवा, तिथल्या बचत गटाकडून काही विकत घ्या. वाघ जिवंत राहण्याचा फायदा त्या गावाला झाला, तरच पुढचा वाघ टिपेश्वरहून इथपर्यंत सुखरूप पोहोचेल.